सफारी : सेरेंगेटीच्या मैदानावर

मराठीतील ‘सफर’ आणि पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेतील ‘सफारी’ हे दोन्ही शब्द मुळात एकाच अरबी शब्दापासून आले आहेत. स्वाहिली बोलणारा मनुष्य व्यापारासाठी परगावी निघाला किंवा दूरच्या आप्तांना भेटण्यासाठी निघाला, तरी तो सफारीलाच निघालेला असतो. ‘वन्य प्राणी पाहण्यासाठी केलेला प्रवास’ हा मर्यादित अर्थ या शब्दाला पुढे युरोपीय लोकांनी दिला; आणि तोही प्रथम ‘वन्य प्राणी मारण्यासाठी केलेला प्रवास’ असाच होता. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली मोंबासा बंदरात उतरले. त्यांनी व त्यांचा मुलगा केर्मिट याने त्या एका सफारीत पाचशेहून अधिक प्राणी मारले. वस्तुसंग्रहालयासाठी नमुने गोळा करणे हे या मोहिमेचे घोषित उद्दिष्ट होते. त्या काळी एवढ्या प्राणिहत्येबद्दल फारसा कोणी आक्षेप घेतला नाही.

रूझवेल्ट ज्या रेल्वेने मोंबासाहून देशाच्या अंतर्भागात गेले, ती रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात भारतातून नेलेल्या सुमारे बत्तीस हजार मजुरांनी बांधली होती. त्यांतील सुमारे अडीच हजार मजूर तेथेच मरण पावले. १८९८ साली त्सावो नदीवरील पुलाच्या कामावर दोन नरभक्षक सिंहांनी घातलेला धुमाकूळ जगभर प्रसिद्ध झाला. परंतु मजुरांचे खरे बळी घेतले ते ताप, हगवण आणि अपघात यांनी. आज केनियाची राजधानी असलेले नैरोबी शहर १८९९ साली या रेल्वेचा एक तळ म्हणून वसले. सफारीच्या आरंभकाळाशी भारताचा हा जो संबंध आहे, तो बंदूकधाऱ्यांचा नसून रूळ टाकणाऱ्यांचा आहे. स्वाहिली भाषेत मोटारीला ‘गारी’ म्हणतात. तो शब्दही भारतीय भाषांतील ‘गाडी’च होय.

केनियाने १९७७ साली शिकारीवर पूर्ण बंदी घातली. टांझानियात काही नेमून दिलेल्या क्षेत्रांत परवाना घेऊन शिकार करता येते. परंतु राष्ट्रीय उद्यानांत बंदुकीची जागा दुर्बीण आणि कॅमेरा यांनी घेतली आहे. उघडणाऱ्या छताच्या मोटारीत उभा राहून क्षितिजापर्यंत पसरलेले कळप पाहताना प्रवाशाला वाटते की, मनुष्याचा स्पर्श होण्यापूर्वीची पृथ्वी आपण पाहत आहोत. प्रवासी कंपन्यांची माहितीपत्रकेही त्याला हेच सांगतात. ही समजूत जितकी मोहक आहे तितकीच चुकीची आहे. सेरेंगेटीचे आजचे रूप गेल्या सुमारे एकशेतीस वर्षांत घडले आहे. ते घडविण्यात पावसाचा आणि मातीचा जेवढा वाटा आहे, तेवढाच गुरांच्या एका रोगाचा, एका लसीचा आणि काही कायद्यांचाही आहे.

मैदान, माती आणि पाऊस

सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान टांझानियाच्या उत्तर भागात असून त्याची स्थापना १९५१ साली झाली. त्याचे क्षेत्रफळ १४,७६३ चौरस किलोमीटर, म्हणजे गोवा राज्याच्या जवळजवळ चौपट आहे. त्याला लागून उत्तरेस केनियातील मासाई मारा हे सुमारे १,५०० चौ. कि.मी.चे राखीव क्षेत्र आहे. आग्नेयेस सुमारे ८,३०० चौ. कि.मी.चे न्गोरोंगोरो संरक्षण क्षेत्र, तर पूर्वेस लोलिओंडो हा मासाई पशुपालकांचा प्रदेश आहे. नकाशावर या सर्वांचे रंग वेगवेगळे असले, तरी प्राण्यांच्या लेखी हा एकच प्रदेश आहे. ‘सेरेंगेटी’ हे नाव मासाई भाषेतील असून ‘जेथे भूमी संपतच नाही अशी जागा’ असा त्याचा अर्थ सांगितला जातो.

या प्रदेशाची गुरुकिल्ली त्याच्या दोन टोकांतील फरकात आहे. आग्नेयेकडील मैदानांवर वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. उत्तरेस मारा नदीकडे तो १,००० मिलिमीटरच्या वर जातो. परंतु माती मात्र पाऊस कमी असलेल्या आग्नेय भागातच अधिक कसदार आहे. न्गोरोंगोरोच्या परिसरातील ज्वालामुखींनी लक्षावधी वर्षे या भागावर राखेचे थर पसरले. त्यांपैकी ओल्डोइन्यो लेंगाई, म्हणजे मासाई भाषेतील ‘देवाचा डोंगर’, अजूनही जागृत आहे. राखेच्या मातीत चुना, स्फुरद इत्यादी खनिजे विपुल असतात. मात्र पृष्ठभागाखाली थोड्याच खोलीवर सिमेंटसारखा कठीण थर तयार झालेला असल्यामुळे तेथे झाडांची मुळे खोल जाऊ शकत नाहीत. म्हणून ती मैदाने वृक्षहीन आहेत आणि तेथील गवत आखूड, परंतु अत्यंत पौष्टिक असते.

विल्डबीस्ट हा या मैदानांचा मुख्य रहिवासी आहे. लांब तोंडाचा, दाढीवाला, खांद्याशी उंच आणि मागे उतरता असा हा प्राणी दिसायला बेढब असला, तरी दूरच्या पल्ल्यात त्याची चाल अतिशय काटकसरीची असते. हा कुरंगांच्या वर्गातील, म्हणजे काळविटाच्या नात्यातील प्राणी आहे. त्यांची संख्या सुमारे तेरा लाख असून त्यांच्यासोबत सुमारे दोन लाख झेब्रे आणि काही लाख गॅझेल हरणेही फिरत असतात.

त्यांच्या वर्षाचा क्रम साधारणपणे असा असतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आखूड पाऊस पडला की कळप आग्नेयेकडील मैदानांवर उतरतात. फेब्रुवारीच्या सुमारास माद्या वितात. तीन-चार लाखांच्या वर पिल्ले जन्माला येतात आणि त्यांतील बहुतेक जन्म अवघ्या तीन आठवड्यांत होतात. सिंह आणि तरस किती खाऊन किती खाणार? एकाच वेळी एवढी पिल्ले जन्मल्यामुळे त्यांतील बहुसंख्य वाचतात. पिल्लू जन्मल्यावर काही मिनिटांतच उभे राहते आणि लवकरच आईच्या बरोबरीने धावू लागते. मार्च ते मे हा लांब पावसाचा काळ. मेच्या अखेरीस आग्नेयेकडील डबकी आटू लागतात, उरलेले पाणी खारट होते आणि कळप वायव्येकडे, ग्रुमेती नदीच्या दिशेने निघतात. जुलै ते ऑक्टोबर ते मारा नदीच्या दोन्ही काठांवर असतात आणि आकाशात पुन्हा ढग दिसू लागले की दक्षिणेकडे वळतात.

उत्तरेस पाणी आणि गवत दोन्ही बारमाही असताना हे कळप तेथेच का राहत नाहीत, हा प्रश्न स्वाभाविक आहे. याचे उत्तर मातीत आहे. दूध पाजणाऱ्या मादीला जी खनिजे लागतात, ती उत्तरेकडील उंच, राठ गवतात पुरेशी मिळत नाहीत. शिवाय उघड्या मैदानावर शत्रू दुरून दिसतो. पोटासाठी उत्तर आणि पिल्लांसाठी दक्षिण अशी ही सोय आहे. या दोन टोकांपैकी कोणतेही एक तुटले, तर हे स्थलांतर आणि त्याबरोबरच एवढी मोठी संख्याही टिकू शकणार नाही.

गवत खाण्याच्या बाबतीतही त्यांच्यात एक क्रम आढळतो. झेब्रा उंच व राठ गवताचे शेंडे आणि काड्या खातो. ते कापले गेले की विल्डबीस्टला खालची पाने मिळतात. त्यांच्या मागून येणारी लहानखुरी थॉमसन गॅझेल हरणे जमिनीलगतचे नवे कोवळे कोंब टिपतात. प्रवाशाला ही सरमिसळ वाटते. प्रत्यक्षात ती एक पंगत आहे, आणि पंगतीतील प्रत्येकाचे ताट वेगळे आहे.

काय पाहावे

पहिल्यांदा आलेल्या प्रवाशाचे सारे लक्ष सिंहाकडे असते. त्याला मोठा सिंह दाखविला की वाहनचालकाचे कर्तव्य संपले, असे उभयतांना वाटते. परंतु सिंह दिवसातील बहुतेक वेळ झोपून काढतो, आणि झोपलेल्या सिंहाकडून शिकण्यासारखे फारसे नसते. त्यापेक्षा गिधाडे कोठे उतरत आहेत, झेब्रे कोणत्या दिशेस कान टवकारून उभे आहेत, जिराफ एकाच झुडपाकडे टक लावून का पाहत आहे, हे पाहणारा प्रवासी अधिक पाहतो.

याचे एक उदाहरण उद्बोधक आहे. सकाळी मृत विल्डबीस्टवर सिंह ताव मारीत आहेत आणि भोवती तरसांची टोळी आशाळभूतपणे फिरत आहे, हे दृश्य पाहून पूर्वीच्या सर्व प्रवाशांनी एकच निष्कर्ष काढला होता : सिंहाने शिकार केली आणि तरस उष्ट्यासाठी टपले आहेत. हान्स क्रूक या शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरो येथे रात्रीच्या वेळी तरसांचा मागोवा घेतला. तेव्हा असे आढळले की, ठिपकेदार तरस हा मुख्यतः स्वतः शिकार करणारा प्राणी आहे. विशेषतः न्गोरोंगोरोच्या तळात रात्री तरसांनी मारलेले भक्ष्य सिंह हिसकावून घेतात, असे अनेकदा घडते. सकाळी येणारा प्रवासी नाटकाचा फक्त शेवटचा अंक पाहत होता. त्याच काळात सिंहांचा सखोल अभ्यास करणारे जॉर्ज शॅलर यांनी सेरेंगेटीला जाण्यापूर्वी मध्य प्रदेशातील कान्हा येथे वाघ आणि हरणे यांचा अभ्यास केला होता, हे भारतीय वाचकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मारा नदी ओलांडण्याच्या प्रसंगाबद्दलही अशीच गफलत होते. मगरींनी पकडलेले विल्डबीस्ट चित्रपटांतून इतके दाखविले गेले आहेत की, नदी ओलांडणे म्हणजे मगरींची मेजवानी असे समीकरण होऊन बसले आहे. वास्तविक मगरींनी मारलेल्यांपेक्षा लोंढ्यात बुडालेले आणि काठावर चेंगरलेले प्राणी कितीतरी अधिक असतात. अशा रीतीने सरासरीने वर्षाला सहा हजारांच्या आसपास प्राणी नदीत मरतात. गिधाडे, मासे आणि असंख्य कीटक त्यांवर जगतात. नदीच्या तळाशी पडलेल्या हाडांतून वर्षानुवर्षे स्फुरद झिरपत राहते. असे असूनही हे प्रमाण एकूण संख्येत दोनशेमागे एक एवढेच आहे. विल्डबीस्टचा सर्वांत मोठा शत्रू सिंह नाही आणि मगरही नाही; कोरड्या ऋतूतील उपासमार हा त्यांचा खरा शत्रू आहे. ती कोणत्याही छायाचित्रात येत नाही.

नदीकाठच्या या प्रसंगासाठी जुलै ते ऑक्टोबरच्या काळात मोटारींची अतोनात गर्दी होते. कळपाने उतरण्यासाठी निवडलेली वाट मोटारींनी अडविली, तर कळप माघारी फिरतो किंवा अधिक उभ्या दरडीवरून उडी घेतो. ठरलेला रस्ता सोडून गाडी गवतात घालू नये आणि नेमून दिलेल्या ठिकाणांखेरीज गाडीतून खाली उतरू नये, हे उद्यानाचे नियम आहेत. चित्ता दिवसा शिकार करतो. त्यामुळे गाड्यांच्या कोंडाळ्याचा सर्वाधिक त्रास त्यालाच होतो. अधिक जवळ जाण्यासाठी चालकाला बक्षिसाचे आमिष दाखविणारा प्रवासी नकळत पिल्लांच्या तोंडचा घास काढीत असतो.

प्रत्यक्ष तयारीविषयी थोडक्यात सांगायचे तर, विषुववृत्ताच्या जवळ असूनही हा प्रदेश उंचावर असल्यामुळे पहाटे चांगलीच थंडी असते. न्गोरोंगोरोच्या दोन हजार मीटरहून उंच कड्यावर तर लोकरीचे कपडे लागतातच. झाडोऱ्याच्या भागात त्सेत्से माशीचा उपद्रव असतो. ती निळ्या आणि गडद रंगाकडे आकर्षित होते, म्हणून कपडे फिक्या मातकट रंगाचे असावेत. हिवतापाचा प्रतिबंध आवश्यक आहे. पीतज्वराचा प्रादुर्भाव असलेल्या केनियासारख्या देशातून भारतात परतणाऱ्याजवळ त्या रोगाच्या लसीचे प्रमाणपत्र असावे लागते, आणि ती लस निदान दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागते.

बुळकांडी

आता पुन्हा त्या ‘अनादी’ वाटणाऱ्या दृश्याकडे वळू. १८८७ साली लाल समुद्राच्या काठावरील मसावा या बंदरात इटालियन सैन्यासाठी गुरे उतरविण्यात आली. ती भारतातून आणली होती, असे सामान्यतः मानले जाते. त्या गुरांबरोबर बुळकांडीचा रोग आफ्रिकेत शिरला. भारतीय शेतकऱ्याला हा रोग पिढ्यान्‌पिढ्या परिचित होता. आफ्रिकेच्या या भागांतील गुरांना तो नवा होता आणि त्यांच्या अंगी त्याला तोंड देण्याची शक्ती नव्हती. अवघ्या दहा वर्षांत हा रोग खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पोहोचला. अनेक प्रदेशांत शंभरातील ऐंशी-नव्वद गुरे मेली. विल्डबीस्ट आणि रानरेडे यांचीही तीच गत झाली.

ज्यांचे सारे जीवन गुरांच्या दुधावर अवलंबून होते, त्या मासाई लोकांवर तर आकाशच कोसळले. त्यापाठोपाठ देवीची साथ आली. ऑस्कर बाउमान हा ऑस्ट्रियन प्रवासी १८९२ साली न्गोरोंगोरोच्या परिसरातून गेला, तेव्हा अस्थिपंजर झालेली माणसे त्याच्या तळाभोवती अन्नाच्या आशेने गोळा होत होती. त्याने लिहून ठेवलेले वर्णन आजही वाचवत नाही. माणसे गेली, गुरे गेली, चरणे थांबले. अनेक ठिकाणी मोकळी कुरणे झुडपांनी भरली, झुडपांबरोबर त्सेत्से माशी आली आणि तिच्याबरोबर निद्रारोग. पुढच्या पिढीतील युरोपीय शिकारी आले, तेव्हा त्यांना निर्मनुष्य रान दिसले. हे रान सदैव असेच निर्मनुष्य होते, असे त्यांनी गृहीत धरले. वस्तुतः ते ओस पडलेले घर होते. याच प्रदेशातील ओल्डुवाई घळीत आणि जवळच्या लेटोली येथे मानवाच्या पूर्वजांचे लक्षावधी वर्षांपूर्वीचे अवशेष आणि पाऊलखुणा सापडल्या आहेत. तेव्हा मनुष्य येथे उपरा आहे, असे म्हणणे अधिकच विचित्र ठरते.

बुळकांडी त्यानंतरही ठाण मांडून राहिली. विल्डबीस्टच्या पिल्लांना आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण संपले की वर्षभराच्या आत ती मोठ्या संख्येने मरत. हा चक्रव्यूह विल्डबीस्टना टोचून नव्हे, तर गुरांना टोचून भेदला गेला, ही यातील सर्वांत लक्षणीय गोष्ट आहे. भारतात मुक्तेश्वर येथील संशोधनसंस्थेत जे. टी. एडवर्ड्स यांनी १९२०च्या दशकात शेळ्यांच्या साहाय्याने बुळकांडीवरील लस तयार केली होती. पुढे केनियात मुगुगा येथे वॉल्टर प्लाउराइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिक सुरक्षित अशी लस सिद्ध केली. सेरेंगेटीभोवतीच्या पशुपालकांच्या गुरांना लसी टोचण्यात येऊ लागल्या, आणि १९६३च्या सुमारास विल्डबीस्टमधील रोग नाहीसा झाला. म्हणजे तो रोग वन्य प्राण्यांकडून गुरांत येत नव्हता, तर गुरांकडून वन्य प्राण्यांत जात होता.

परिणाम विस्मयकारक होता. १९६१ साली सुमारे अडीच लाख असलेले विल्डबीस्ट १९७७ पर्यंत तेरा लाखांच्या वर गेले. त्यांनी एवढे गवत खाल्ले की कोरड्या ऋतूत वणव्यांना जाळण्यासाठी पुरेसे गवत उरेना. वणवे कमी झाले, तशी बाभळीच्या जातीची रोपे तगू लागली आणि अनेक टेकड्यांवर पुन्हा झाडी उभी राहिली. आज प्रवासी ज्या झाडांखाली सिंह पाहतो, त्यांतील कित्येक झाडे अप्रत्यक्षपणे एका लसीची देणगी आहेत. बुळकांडीचे जगातून पूर्णपणे उच्चाटन झाल्याचे २०११ साली जाहीर करण्यात आले. देवीनंतर समूळ नष्ट झालेला हा दुसरा रोग होय.

रोगांची कथा मात्र तेवढ्याने संपत नाही. १९९४ साली कुत्र्यांच्या ‘डिस्टेंपर’ या रोगाच्या साथीत सेरेंगेटीतील सुमारे एक-तृतीयांश सिंह मरण पावले. तो रोग भोवतालच्या गावांतील कुत्र्यांमधून आला होता. २०१८ साली गीरच्या सिंहांमध्ये याच रोगाचे विषाणू आढळले, तेव्हा भारतातील तज्ज्ञांना सेरेंगेटीची आठवण होणे अपरिहार्य होते.

माणसे

१९५०च्या दशकात ब्रिटिश सरकारने सेरेंगेटीच्या सीमा नव्याने आखण्याचा विचार केला. त्या वेळी जर्मन प्राणिशास्त्रज्ञ बेर्नहार्ड ग्रझिमेक आणि त्यांचा मुलगा मिखाएल यांनी झेब्र्यासारखे पट्टे रंगविलेल्या एका लहान विमानातून प्राण्यांची पहिली हवाई गणना केली. प्रस्तावित सीमा कळपांच्या वाटेशी जुळत नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले. जानेवारी १९५९ मध्ये एका गिधाडाशी टक्कर होऊन विमान कोसळले आणि मिखाएल मृत्यू पावला. न्गोरोंगोरोच्या कड्यावर त्याची समाधी आहे. पितापुत्रांच्या ग्रंथाने आणि चित्रपटाने सेरेंगेटीला जगाच्या नकाशावर आणले.

त्यांचे शौर्य आणि निष्ठा वादातीत आहेत. परंतु राष्ट्रीय उद्यानात कोणाही माणसाने, मासाईंनीसुद्धा, राहू नये, हे ग्रझिमेक यांचे मत त्याच काळात धोरण बनले. मासाई प्रमुखांशी करार करून त्यांना सेरेंगेटीतून बाहेर जाण्यास सांगण्यात आले. त्याच्या मोबदल्यात १९५९ साली न्गोरोंगोरो हे वेगळे क्षेत्र करण्यात आले. तेथे वन्य प्राणी आणि मासाई पशुपालक यांनी एकत्र राहावे, अशी योजना होती. नंतर या आश्वासनाचा संकोच होत गेला. १९७४ साली न्गोरोंगोरोच्या तळातील मासाई वस्त्या हलविण्यात आल्या. १९७५ साली शेतीवर बंदी आली.

पशुपालकांना या सहवासाची किंमत मोजावी लागते, ती सहसा प्रवाशाच्या ध्यानी येत नाही. विल्डबीस्टच्या नवजात पिल्लांपासून गुरांना एक प्राणघातक ज्वर होतो. विल्डबीस्टना त्याचा काही त्रास होत नाही, गाय मात्र मरते. म्हणून वर्षातील सर्वांत सकस गवत जेव्हा मैदानावर उगवते, नेमके तेव्हाच मासाईंना आपली गुरे उंचावरील निकस चराईवर न्यावी लागतात. पिढ्यान्‌पिढ्या ते हे करीत आले आहेत. विल्डबीस्टच्या विण्याचा हंगाम पाहण्यासाठी फेब्रुवारीत जमणाऱ्या प्रवाशांपुढचे मैदान गुरांविना मोकळे दिसते, त्याचे हे कारण आहे.

न्गोरोंगोरोतील लोकसंख्या १९५९ साली सुमारे आठ हजार होती, ती आता एक लाखाच्या घरात गेली आहे. एवढी माणसे व गुरे ही भूमी पेलू शकत नाही, असे टांझानिया सरकारचे म्हणणे आहे. २०२२ साली तेथील कुटुंबांना शेकडो किलोमीटर दूर म्सोमेरा येथे हलविण्याची योजना सुरू झाली. हे स्थलांतर ऐच्छिक असल्याचे सरकार सांगते. दवाखाने आणि शाळा यांच्या सोयी कमी करून आपल्याला निघण्यास भाग पाडले जात आहे, अशी मासाईंची तक्रार आहे. त्याच वर्षी जून महिन्यात लोलिओंडोमध्ये १,५०० चौ. कि.मी. क्षेत्राच्या सीमेचे खांब रोवताना चकमक झाली. तीत एक पोलीस ठार झाला, अनेक मासाई जखमी झाले आणि कित्येकांनी केनियात आश्रय घेतला. ऑगस्ट २०२४ मध्ये हजारो मासाईंनी न्गोरोंगोरोत सफारीच्या गाड्यांचा रस्ता अडवून निदर्शने केली. लोकसंख्यावाढीचा प्रश्न खरा आहे. परंतु १९५९ साली दिलेला शब्दही तितकाच खरा होता, आणि तो देऊन घेतलेली जमीन परत मिळालेली नाही.

माणसांना हटविले की प्राणी आपोआप वाचतात, या समजुतीला केनियातील एका उदाहरणाने छेद दिला आहे. मारा नदीच्या पूर्वेस लोइटा मैदानांवर वितात असा विल्डबीस्टचा एक वेगळा कळप होता. १९७७ साली त्यात सुमारे १,१९,००० प्राणी होते. वीस वर्षांनी सुमारे २२,००० उरले. राखीव क्षेत्राच्या आतील संरक्षणात काही न्यून नव्हते. त्यांची विण्याची जागा बाहेर, पशुपालकांच्या जमिनीवर होती, आणि ती जमीन यांत्रिक पद्धतीने गहू पिकविण्यासाठी नांगरली गेली. गुरे चरत होती तोवर विल्डबीस्टही चरत होते. गव्हाबरोबर दोघेही गेले. सेरेंगेटीच्या उत्तर भागातून जाणारा हमरस्ता बांधण्याचा प्रस्ताव २०१० साली पुढे आला, तेव्हा याच धोक्याची जाणीव अनेकांना झाली. २०१४ साली पूर्व आफ्रिकी न्यायालयाने त्या रस्त्याविरुद्ध निर्णय दिला.

मारा राखीव क्षेत्राभोवतीची सामूहिक मालकीची जमीन पुढे मासाई कुटुंबांत तुकड्यातुकड्यांनी वाटली गेली. कोणी कुंपण घालावे, कोणी विकावी, अशी स्थिती निर्माण झाली. तेव्हापासून, विशेषतः २००५ नंतरच्या वर्षांत, तेथे एक वेगळा प्रयोग सुरू आहे. शेजारशेजारचे जमीनमालक आपापले तुकडे एकत्र करून सफारीच्या तंबूनिवासांना भाड्याने देतात. भाडे दरमहा थेट मालकाच्या हाती पडते, कुंपणे घातली जात नाहीत, वाहनांची संख्या मर्यादित ठेवली जाते आणि ठरलेल्या पाळीने गुरांनाही चरू दिले जाते. ही व्यवस्था परिपूर्ण नाही. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला, म्हणजे बहुतेक स्त्रियांना आणि तरुणांना, भाड्यातील वाटा मिळत नाही. शिवाय सारा डोलारा परदेशी प्रवाशांवर उभा आहे. २०२० साली करोनाच्या साथीमुळे विमाने थांबली, तंबू रिकामे राहिले आणि अनेक ठिकाणी भाड्यात कपात करावी लागली. त्या वर्षी विल्डबीस्ट नेहमीप्रमाणे आले, नदी ओलांडून गेले आणि परत फिरले. काठावर त्यांची वाट अडविणाऱ्या मोटारी तेवढ्या नव्हत्या.